रोहिणीतच डेटालॉगर उघडून बघा

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, सांगोला-मंगळवेढ्याकडे मृग बहार धरणाऱ्यांच्या डाळिंबबागा पाणी तोडून ताणावर असतात आणि एखाद्या संध्याकाळी वावटळ उठून वळवाच्या चार सरी येऊन जातात. रानात डेटालॉगर, म्हणजे पाऊस, तापमान, ओलावा सेन्सरवरून आपोआप वाचून नोंदवणारं यंत्र असेल, तर त्याची पेटी उघडायचे दिवस हेच. बरेचजण ती मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर उघडतात. मीही त्यातलाच होतो.

पहिल्या वर्षी प्रोग्रॅम मीच लिहिला. दर १० सेकंदांनी सेन्सर वाचायचे आणि दर तासाला एक ओळ नोंदवायची. तापमानाची सरासरी, आर्द्रतेची सरासरी, आणि लिहिण्याच्या भरात पावसाचीही सरासरी. जूनमध्ये एका रात्री धो धो कोसळला. सकाळी वडिलांनी साध्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून ३६ मिलिमीटर सांगितलं. लॉगरमधल्या सगळ्या तासांची बेरीज निघाली ०.१. एका तासात ३६० वाचनं होतात. ३६ ला ३६० ने भागा, तेवढेच येतात. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं. सेन्सर बिघडला म्हणून मी मात्र दोन दिवस वायरी उसकटत बसलो.

म्हणून प्रोग्रॅममध्ये सगळ्यात आधी बघायचं ते प्रत्येक सेन्सरपुढे काय लिहिलंय ते. पावसाची बेरीज हवी. तापमानाची सरासरी, शिवाय दिवसाचं कमाल आणि किमान. जमिनीतला ओलावा मिनिटामिनिटाला बदलत नाही, त्यामुळे तासाला एक वाचन पुष्कळ झालं. वाऱ्याच्या दिशेची साधी सरासरी कधीही घेऊ नका: एकदा ३५० अंश आणि एकदा १० अंश आले, तर वारा उत्तरेकडूनच आहे, पण सरासरी १८० म्हणजे थेट दक्षिण दाखवते. त्यासाठी वाऱ्याची वेगळी आज्ञा असते, ती वापरा. पान ओलं राहण्याचा सेन्सर असेल, तर तासातली किती मिनिटं पान ओलं होतं ते मोजायला सांगा. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतात आणि ढगाळ, दमट हवा त्यांना मानवते. त्यामुळे ही मिनिटं डाळिंबवाल्याच्या खऱ्या उपयोगाची. फवारणी कशाची आणि किती, ते मात्र केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकावरूनच ठरवा.

प्रोग्रॅममध्ये दोन वेळा असतात आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. एक वाचायची, दुसरी नोंदवायची. वाचन दर सेकंदाला ठेवलं तर बॅटरी उगाच संपते. रानातल्या कामाला १० सेकंद ते १ मिनिट चालतं. पर्जन्यमापकात ठरावीक पाणी भरलं की आतला छोटा कप्पा पलटतो; या पलट्या वेगळ्या मोजणी-चॅनेलवर जमा होत असतात, त्यामुळे वाचन सावकाश झालं तरी त्या सुटत नाहीत. तासाची नोंद ठेवली तर जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत २,९२८ ओळी होतात, १५ मिनिटांची ठेवली तर त्याच्या चौपट. मेमरी भरल्यावर लॉगर जुनं पुसून पुढे लिहितो की तिथेच थांबतो, हेही एकदा बघून घ्या.

नवा प्रोग्रॅम चढवण्याआधी जुना डेटा उतरवून घ्या. कितीतरी लॉगरमध्ये नवा प्रोग्रॅम चढला की आधीच्या नोंदी जातात, आणि त्या वेळी पडद्यावर येणारी सूचना आपण वाचतच नाही.

मग घड्याळ. आतली बटनासारखी छोटी बॅटरी संपली असेल, तर मोठी बॅटरी काढून लावताच लॉगर कुठल्यातरी जुन्या तारखेला जाऊन बसतो. लॅपटॉपवरून वेळ लावणार असाल, तर आधी लॅपटॉपची वेळ मोबाइलशी ताडून बघा. बऱ्याच लॉगरमध्ये नोंदीपुढची वेळ त्या तासाच्या शेवटाची असते. १० वाजताची ओळ म्हणजे ९ ते १० मधला पाऊस. दिवस कुठे तोडायचा, हेही प्रोग्रॅमच ठरवतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा असतो. तुमचा लॉगर मध्यरात्री दिवस तोडत असेल, तर महसूल मंडळाच्या आकड्याशी तो कधीच जुळणार नाही, आणि पारावर नुसता वाद होईल. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तसाही मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राचाच आकडा धरतात. घरचा लॉगर हा आपल्या ठिबकाच्या आणि फवारणीच्या निर्णयासाठी.

आता पर्जन्यमापक, आणि याला अर्धा दिवस द्या. उन्हाळाभर त्यात धूळ बसते, कोळी जाळं करतो, नरसाळ्याच्या तोंडात पाखराची विष्ठा नाहीतर लिंबाचा पाला अडकतो. झाकण काढताना चेहरा लांब ठेवा. आत गांधीलमाश्यांचं पोळं असण्याची शक्यता मी अनुभवावरून सांगतोय. साफ करून पातळी बघा, कारण बैठक कलली की पलट्या चुकतात. मग तोंडाचा व्यास मोजा. तो २०० मिमी असेल, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिमी पाऊस बरोबर ३१.४ मिली पाणी. ६२८ मिली ओतलं की २० मिमी झाला, आणि ०.२ मिमीची एक पलटी असेल तर १०० पलट्या पडायला हव्यात. पाणी भस्सकन ओतू नका. सलाईनची रिकामी बाटली नळीसकट मिळाली तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीला सुईने भोक पाडा आणि तासाभरात सगळं उतरेल असं थेंब-थेंब सोडा. ९७ ते १०३ पलट्या आल्या तर निर्धास्त राहा. ८० आल्या तर पातळी परत बघा, मग कप्पे नखाने खरवडून बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने चाचणी केली असेल तर त्यांवर क्षाराचा थर बसलेला सापडतो. एकही पलटी नोंदली गेली नाही, तर वायर उंदरांनी कुरतडलेली असण्याचीच शक्यता जास्त. वायर पीव्हीसी पाइपातून घ्या, आणि पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत न जाता झोलावरूनच गळून जाईल.

जमिनीतल्या सेन्सरची घाई मात्र करू नका, निदान काळ्या रानात. मे महिन्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा बसवलेला सेन्सर भेगेला लागला, तर तो मातीऐवजी हवाच मोजतो. पहिला चांगला पाऊस होऊन भेगा मिटू द्या, मग बसवा. मुरमाड रानात अडचण उलटी, खड्यांमध्ये पोकळी राहते. तिथलीच माती चाळून तिचा पातळ चिखल करा आणि सेन्सर त्यात रोवा. जिप्समच्या जातीचा सेन्सर रात्रभर पाण्यात भिजवून ओलाच बसवायचा. ठिबकाच्या बागेत ड्रिपरपासून वीतभर अंतरावर एक सेन्सर २० ते ३० सेंटिमीटर खोल, आणि जमलं तर दुसरा ६० वर. खालचा सारखा ओला होत असेल, तर पाणी मुळांच्या खाली वाया चाललंय. टक्क्यात ओलावा दाखवणाऱ्या सेन्सरचा कारखान्यातला हिशेब आपल्या चिकण काळ्या मातीला सहसा लागू पडत नाही. सेन्सरशेजारची माती वजन करून, १०५ अंशांवर २४ तास भट्टीत सुकवून परत वजन केली की खरा ओलावा कळतो. माती परीक्षण प्रयोगशाळेत हे करून मिळतं. एकदा ओल्या आणि एकदा सुक्या रानात केलंत की पुढे आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

बॅटरीचा व्होल्टेज पहाटे बघा. दुपारी सोलर पॅनेल चालू असताना मरायला टेकलेली बॅटरीही १३ दाखवते. पहाटे १२ च्या खाली येऊ लागली, तर आषाढातल्या झडीच्या आधीच बदला. पेटी पांढरी हवी आणि मोटारघराच्या पत्र्यावर नको, तिथे बॅटरी भाजून निघते. सिलिका जेलची निळी पुडी गुलाबी झाली असेल तर सुकवा किंवा बदला. सुकवायची तर भाकरीच्या तव्यावर नको, निळा रंग विषारी असतो.

डेटात उणे ६९९९ सारखे आकडे दिसले, तर ती निसटलेल्या तारेची खूण समजा. ओळ पुसू नका, पण सरासरीतही धरू नका. तारीख एक्सेलमध्ये उघडताना दिवस-महिना उलटा तर झाला नाही, तेही बघा. ३ जूनचा पाऊस ६ मार्चला गेलेला मी बघितलाय.

आणि पेटीतच एक वही-पेन ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत. पेटी उघडली की तारीख, वेळ, काय केलं. चाचणीचं पाणी तर नक्की लिहा: ‘२७ मे, सकाळी १० ते ११, ६२८ मिली ओतलं, ९९ पलट्या, पाऊस नाही.’ नाहीतर हंगामाच्या शेवटी बेरीज करताना ते २० मिमी रोहिणीच्या पावसात धरले जातात.