‘रुकी ऑफ द इयर’वर वाद घालताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगचा २०२४ चा ‘रुकी ऑफ द इयर’, म्हणजे सर्वोत्तम नवखा खेळाडू, नक्की कोण, यावरून बेसबॉलवेड्यांमध्ये अजूनही जुंपते. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स की सॅन डिएगो पाद्रेसचा बॅटर जॅक्सन मेरिल? मतदान करणाऱ्या ३० बेसबॉल पत्रकारांपैकी २३ जणांनी स्कीन्सला पहिली पसंती दिली, ७ जणांनी मेरिलला. माझंही मत स्कीन्सलाच. पण मेरिलची बाजू भक्कम आहे, आणि या वादात दोघांवरही अन्याय करणारे मुद्दे फार मांडले जातात.

सामने मोजून निकाल लावणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ‘मेरिल १५६ सामने खेळला, स्कीन्स फक्त २३, मग तुलनाच कसली?’ ऐकायला बिनतोड वाटतं. पण सुरुवातीचा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो आणि उतरला की समोरच्या अख्ख्या फळीला दोन-तीनदा तोंड देतो. म्हणून सामने बाजूला ठेवा, पिचर आणि बॅटर किती वेळा समोरासमोर आले ते बघा. मेरिल मोसमभरात जवळपास ६०० वेळा बॅटिंगला आला. स्कीन्सचं पदार्पणच ११ मेला झालं, तरी त्याने ५०० हून जास्त वेळा बॅटरचा सामना केला. फरक उरतोच, पण १५६ विरुद्ध २३ एवढा नाही.

त्या ५०० गाठींमध्ये काय झालं हेही बघा. १३३ इनिंग (डाव), १७० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले बॅटर), आणि ईआरए, म्हणजे दर ९ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर दिलेल्या धावा, फक्त १.९६. कारकिर्दीतल्या दुसऱ्याच सामन्यात, शिकागोच्या रिग्ली फील्डवर, त्याने ६ इनिंगमध्ये एकही हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) दिली नाही आणि ११ जणांना स्ट्राइकआउट केलं. जुलैमध्ये मिलवॉकीत ७ इनिंग, पुन्हा एकही हिट नाही, पुन्हा ११ स्ट्राइकआउट.

अर्थात पिचरच्या बाजूने बोलणारे मेरिलचं क्षेत्ररक्षण सोयीस्करपणे विसरतात. तो मूळचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). वयाच्या विसाव्या वर्षी त्याला सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या भागात, मधोमध) उभं केलं आणि त्याने ती जागा मोसमभर सांभाळली. वर .२९२ ची बॅटिंग सरासरी, २४ होमरन, ९० आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा). जूनमध्ये ओकलंडच्या मेसन मिलरला, त्या काळच्या सर्वांत वेगवान पिचरपैकी एकाला, होमरन ठोकून त्याने सामना तिथल्या तिथे संपवला. अशा खेळाडूला ‘फक्त बॅटर’ म्हणू नका.

वॉरचा एकच आकडा फेकणं

राखीव खेळाडूच्या तुलनेत संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, हे वॉर सांगतो. पण तो काढायची पद्धत एक नाही. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशोबात स्कीन्स पुढे, फॅनग्राफ्स या दुसऱ्या संकेतस्थळाच्या हिशोबात मेरिल. पहिला हिशोब पिचरने प्रत्यक्षात दिलेल्या धावांवरून सुरू होतो, दुसरा स्ट्राइकआउट, वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) आणि होमरन यांवरून. आपल्या लाडक्याला पुढे दाखवणारा आकडा तेवढा उचलायचा, ही चलाखी समोरच्याला लगेच कळते. दोन्ही आकडे मांडा आणि तुम्हाला कुठला पटतो, का पटतो, ते सांगा.

संघ आणि प्लेऑफ मध्ये आणणं

पाद्रेस प्लेऑफला (नियमित मोसमानंतरच्या बाद फेरीला) गेले, पायरेट्स त्यांच्या विभागात तळाला राहिले. यात स्कीन्सचा दोष काय? शिवाय प्लेऑफ सुरू होण्याआधीच मतं दिलेली असतात.

‘हा कसला नवखा!’

आधीच्या मोसमांत मिळून १३० हून जास्त ऍट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), ५० हून जास्त इनिंग किंवा संघात ४५ हून जास्त दिवस झालेले नसतील, तर खेळाडू रुकी. प्लेऑफ यात धरत नाहीत. म्हणूनच रँडी अरोझारेना २०२० चे प्लेऑफ गाजवूनही २०२१ चा रुकी ठरला.

जपानहून आलेल्यांवर घेतला जाणारा आक्षेप मात्र मला मनापासून खटकतो. २००३ मध्ये हिदेकी मात्सुई अँखेल बेरोआकडून ८४ विरुद्ध ८८ गुणांनी हरला. दोन मतदारांनी त्याचं नावच मतपत्रिकेवर घातलं नव्हतं, कारण तो जपानमध्ये दहा मोसम खेळून आला होता. नियमात असं कुठेही नाही. १९४७ चा पहिला मानकरी जॅकी रॉबिन्सन तेव्हा २८ वर्षांचा होता आणि त्याआधी निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये) कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून व्यावसायिक बेसबॉल खेळला होता. १९८७ पासून पुरस्काराला त्याचंच नाव आहे. त्याच्या नावाचा पुरस्कार देताना दुसऱ्या लीगमधला अनुभव आड आणणं चुकीचंच.

वाद अडला तर

‘स्कीन्स!’ ‘मेरिल!’ असं ओरडत बसण्यापेक्षा प्रत्येकाला २०२४ च्या पद्धतीने क्रमाने तीन नावं लिहायला लावा: पहिल्याला ५ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये लुइस गिलला पहिल्या पसंतीची १५ मतं होती, कोल्टन काउजरला १३. एकूण गुण १०६ विरुद्ध १०१. इतक्या अटीतटीच्या लढतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर कुणाला ठेवलं यावरही निकाल फिरू शकतो, त्यामुळे नॅशनल लीगच्या वादात जॅक्सन चोरियो आणि शोता इमानागा या इतर नवख्यांची नावंही आपोआप चर्चेत येतील.