राष्ट्रीय महिला हँडबॉल संघाचे प्रशिक्षक व्हायचे असेल तर

राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावर नजर ठेवून या क्षेत्रात येणाऱ्याने सहायकपदाची वर्षे आधीच हिशेबात धरावीत. नॉर्वेच्या महिला संघाचा इतिहास या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. मारित ब्रायविक यांनी १९९४ ते २००९ या काळात हा संघ सांभाळला आणि २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. त्यांच्यानंतर सूत्रे आली ती आइसलँडमधील सेल्फॉसच्या थोरिर हेर्गेइर्सन यांच्याकडे, आणि ते २००१ पासून याच संघाचे सहायक होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२४ पर्यंत त्यांनी जिंकलेल्या अकरा सुवर्णपदकांची यादी सगळेच वाचतात; त्याआधीच्या आठ वर्षांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

भारतात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका ही रूढ वाट आहे आणि ती घ्यावीच. त्यासोबत शालेय किंवा विद्यापीठ संघाबरोबर दुय्यम भूमिकेत काम करून गोलरक्षण, प्रतिहल्ला किंवा बचाव यांपैकी एक विभाग पूर्णपणे आपल्या जबाबदारीवर घ्यावा. गोलरक्षक प्रशिक्षणाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून तेथून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चांगली गोलरक्षक संघाला किती काळ साथ देते, हे नॉर्वेच्या गोलरक्षक कात्रिने लुंडे यांच्याकडे पाहून कळते: २००८ आणि २०१२ नंतर तिसरे ऑलिंपिक सुवर्ण त्यांनी २०२४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी मिळवले.

सामना हाताळण्याचा सराव टाइम-आउटपासून करावा. प्रत्येक संघाला एका मिनिटाचे तीन टाइम-आउट मिळतात, पण एका अर्धात दोनच आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकच घेता येतो, शिवाय चेंडू आपल्या ताब्यात असावा लागतो. त्यामुळे टाइम-आउट मागण्याचे हिरवे कार्ड टेबलावर ठेवण्यापूर्वीच काय बोलायचे ते ठरलेले हवे. बचावाविषयी एक आणि आक्रमणाविषयी एक सूचना देऊन उरलेली वीस सेकंदे खेळाडूंना बोलू द्यावीत, कारण समोरची बचावपटू कोणत्या बाजूला झुकते आहे हे बाकावरून दिसत नाही, ते मधल्या बॅकला, म्हणजे मध्यभागातून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, ठाऊक असते. २०२२ पासून पंचांनी निष्क्रिय खेळाचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता चेंडू नुसता खेळवत ठेवण्याचा, इशारा दिल्यावर पूर्वीच्या सहाऐवजी केवळ चार पास उरतात. तेव्हा सरावातही चार पासांत फेक घेण्याच्या चाली बसवाव्यात. सहा पासांच्या जुन्या चाली घोटत बसणारे प्रशिक्षक अजूनही दिसतात.

कोणाला किती मिनिटे खेळवले याची नोंदवही ठेवणे हे कंटाळवाणे, पण टाळता न येणारे काम आहे. मोठ्या स्पर्धेत काही दिवसांच्या अंतराने साठ मिनिटांचे सामने येतात, आणि पहिल्या सामन्यापासून त्याच सात जणींना पळवणारा संघ उपांत्य फेरीपर्यंत दमतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्वेने पहिलाच सामना स्वीडनविरुद्ध गमावला. त्यानंतर एकही न गमावता अंतिम फेरीत फ्रान्सला २९–२१ असे हरवले. पहिल्या पराभवानंतर संपूर्ण संघ उलटापालटा करण्याचा मोह होतो, तो आवरावा आणि आधी चित्रफितीतून चेंडू नेमके कोठे गमावले ते मोजावे.

पद सोडण्याची वेळही जाहीरपणे, आधी कळवावी. हेर्गेइर्सन यांनी २०२४ च्या युरोपियन स्पर्धेनंतर थांबणार असल्याचे स्पर्धेपूर्वीच सांगितले, त्यामुळे उत्तराधिकारी ओले गुस्ताव येकस्ताद यांना संघ सुस्थितीत मिळाला. आपल्या नोंदवह्या आणि चित्रफिती नव्या प्रशिक्षकाच्या हाती देणे हे त्याच कामाचा भाग समजावे.