गडचिरोलीचा नकाशा कसा वाचावा

एखाद्या प्रदेशात हिंसाचार दशकानुदशके का टिकतो, हे समजून घ्यायचे असेल तर घटनांची यादी करण्याआधी तिथल्या नद्या, जंगल आणि रस्ते दाखवणारा नकाशा समोर घ्यावा. नक्षलवादी हिंसाचार दीर्घकाळ सोसलेल्या गडचिरोलीपासून सुरुवात केल्यास ही पद्धत नीट हाती येते.

प्रथम नद्या पाहाव्यात. दक्षिणेत प्राणहिता आणि गोदावरी तेलंगणाची, तर इंद्रावती छत्तीसगडची हद्द आखते. पायी किंवा नावेने पार होणाऱ्या या हद्दीवर एका राज्याच्या पोलिसांचे अधिकारक्षेत्र मात्र संपते. 1980च्या सुमारास नक्षलवादी तत्कालीन आंध्र प्रदेशातून नदी ओलांडूनच आले आणि पाठलाग झाला की पूर्वेकडील, छत्तीसगडमधील अबूझमाडच्या डोंगराळ जंगलात शिरण्याची सोय त्यांना पुढे कित्येक वर्षे मिळत राहिली.

मग तोच नकाशा पावसाळ्याचा समजून वाचावा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचा तर एरवीही जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे 200 किलोमीटर दूर आहे.

यानंतर प्रत्येक उपाय भूगोलाची नेमकी कोणती अडचण दूर करतो, हे तपासावे. 1990 मध्ये उभारलेल्या सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात पायवाटा आणि गोंडी-माडिया या बोली जाणणारे स्थानिक तरुण आले, म्हणून जंगल पोलिसांना परके राहिले नाही. रस्ता हा उपाय मानताना मात्र सावध राहावे. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने 15 पोलिसांचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला, तो रस्त्यावरच.

सर्वांत महत्त्वाची पायरी अभ्यासक बहुधा गाळतात: जंगलातील उत्पन्नावर हक्क कोणाचा, हेही नकाशावर नोंदवावे. तेंदूपत्ता आणि बांबूच्या मजुरीवरील अन्यायातूनच चळवळीला सुरुवातीचा आधार मिळाला होता. उलट, त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतः हाती घेतला. जंगल दोन्हीकडे आहे, हे विसरून सगळा दोष झाडीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. त्यामुळे आता नव्या नोंदी घ्याव्यात: भर पावसात कोणत्या गावातून दवाखान्यापर्यंत पोहोचता येते, कोणत्या ग्रामसभांच्या हाती वनहक्काचे पट्टे आले आहेत आणि कोणत्या अजून वाट पाहत आहेत.