स्ट्रॅटेजी शिकताना एकच कंपनी धरून ठेवा

एमएमएसला (व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट हा विषय सुरू झाला की कॉलेजमधली नवी मुलं मला विचारतात, "ताई, वाचायचं काय?" माझं उत्तर ठरलेलं असतं: एक कंपनी निवडा आणि वर्षभर तिचाच पिच्छा पुरवा. वर्गात कंपनी तपासायच्या चौकटी एकामागून एक येतात: स्वॉट (ताकद, कमकुवत बाजू, संधी, धोके), बीसीजी मॅट्रिक्स, पोर्टरचे पाच घटक, बॅलन्स्ड स्कोअरकार्ड. चौकटी पाठ होतात, पेपरही सुटतो. पण "या कंपनीने पुढची तीन वर्षं काय करू नये?" असं सरांनी विचारलं की वर्ग गप्प होतो. खरा विषय तिथेच सुरू होतो.

मी डीमार्ट निवडलं होतं. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान, २०१७ मध्ये शेअर बाजारात नोंदणी. तेव्हा दुकानं होती सव्वाशेच्या आसपास. पंधरा वर्षांत एवढीच? ही गती समजून घेताना मला विषय उलगडला. बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याची धास्ती नाही. पण जागा घ्यायला भांडवल लागतं, म्हणून विस्तार सावकाश. माल मोजका पण खपाचा, त्यामुळे तो पटापट फिरतो. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते होतात, मग तेही दर कमी करून देतात. सजावटीवर खर्च नाही, मॉलचा सोस नाही. हे निर्णय एकमेकांना धरून आहेत. दुसऱ्या कुणी फक्त जागा विकत घेतली आणि माल महिनोन्महिने पडून राहिला, तर तीच जागा त्याच्या गळ्यात पडेल.

बिलाची रांग लवकर हलवणं हे चांगलं काम आहे, पण ते शेजारचं दुकानही सहा महिन्यांत शिकतं. नवख्या मुलांची इथेच गल्लत होते. कार्यक्षमता वाढवणं आवश्यकच. पण वेगळं काय करायचं आणि त्यासाठी कशावर पाणी सोडायचं, हे ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी.

हार्वर्डचा प्राध्यापक मायकेल पोर्टर याने १९७९ मध्ये मांडलेले पाच घटक (स्पर्धक, ग्राहक, पुरवठादार, नव्याने येणारे आणि पर्याय) मग त्याच कंपनीला लावून बघा. रात्री नऊला लोकलमधून उतरणारा डोंबिवलीकर महिन्याचं वाणसामान रविवारी डीमार्टमधून भरेल. संपलेलं दही मात्र तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेईल, नाहीतर दहा मिनिटांत पोचवणाऱ्या अ‍ॅपवरून. एकाच माणसाच्या या दोन खरेद्या वेगळ्या आहेत, आणि स्पर्धकही वेगळे. पाच चौकोनांत नुसतं "जास्त", "मध्यम", "कमी" भरून हे कधीच दिसत नाही.

स्वॉटबद्दल फार बोलत नाही. "ताकद: अनुभवी कर्मचारी" असं लिहिलं असेल तर खोडा, ते कुठल्याही कंपनीला लागू पडतं.

अंमलबजावणीचं प्रकरण परीक्षेत शेवटी येतं, नोकरीत पहिल्याच आठवड्यात. उद्योगांचा इतिहासकार आल्फ्रेड चँडलर याने १९६२ मध्येच दाखवलं होतं की धोरण बदललं की संघटनेची रचनाही बदलावी लागते. माझ्या आधीच्या कंपनीत वरच्या मजल्यावर ठरलं, यापुढे कमी माल विकू पण चांगल्या नफ्याचा. सेल्सच्या मुलांचा इन्सेन्टिव्ह मात्र पूर्वीसारखा टनांवरच राहिला. वर्षभर टनच विकले गेले. त्यात त्या मुलांचा काय दोष? म्हणून कुठल्याही कंपनीत गेलात की आधी बघा, पगारातली वाढ कशावर मिळते आणि नव्या वर्षाचं बजेट कुणाला मिळालं. तिचं खरं धोरण तिथे लिहिलेलं असतं.

सामग्री फुकट आहे. नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या आणि बीएसईच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातलं व्यवस्थापनाचं विश्लेषण आधी वाचा, मग पाच वर्षांपूर्वीच्या अहवालातलं तेच प्रकरण शेजारी ठेवा. तेव्हा गाजावाजा केलेला कुठला व्यवसाय आता एका ओळीत उरकलाय, कुठला पार गायब झालाय, याची यादी करा आणि सरांकडे तीच घेऊन जा.