दोन-तीन कॉपी पाठवा: अमेरिकेतल्या ब्लॅक कॉलेजांचं संशोधन डिजिटल कसं जपायचं

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना एक छोटं पत्र लिहिलं, की अमेरिकेतल्या निग्रो समाजाने युनोकडे अर्ज केलाय असं वाचलं, तर त्या अर्जाच्या दोन-तीन कॉपी मला मिळवून पाठवाल का. ते पत्र आज आपण मोबाईलवर वाचतो कारण मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधल्या लायब्ररीने डुबॉईस यांचे कागद नीट स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. पण हेच डुबॉईस ज्या अटलांटा युनिव्हर्सिटीत कितीतरी वर्षं शिकवत होते तशा ब्लॅक कॉलेजांतल्या साध्या विद्यार्थ्यांचे थिसिस, प्राध्यापकांची टिपणं, सर्व्हे, त्यातलं बरंच अजून कपाटातच आहे. मी हे कागद स्कॅन करून जपायचं काम करतो, आणि आपली मराठी मंडळी अमेरिकेत लायब्ररीत, आयटीत खूप आहेत, कुणाच्या शहरात असं कॉलेज असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी थोडक्यात, या कॉलेजांना एचबीसीयू म्हणतात, म्हणजे १९६४ च्या आधी ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी निघालेली कॉलेजं आणि विद्यापीठं, आजघडीला साधारण १०० आहेत. हॉवर्ड १८६७ चं, फिस्क १८६६ चं, टस्कीगी १८८१ चं. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत प्रवेशच नव्हता त्यामुळे दक्षिणेत राहून मास्टर्स करायचं तर इथेच, आणि म्हणून १९३०-४० मधल्या ब्लॅक वस्त्यांबद्दल, शाळांबद्दल, शेतमजुरांबद्दल तिथल्याच पोरांनी घरोघरी फिरून गोळा केलेली माहिती या थिसिसमध्ये आहे, ती दुसरीकडे सापडत नाही. आणि कॉलेज बंद पडलं तर? व्हर्जिनियातलं सेंट पॉल्स कॉलेज २०१३ मध्ये बंद झालं. म्हणजे हे काम पुढच्या वर्षी बघू असं म्हणण्यासारखं नाही.

पहिली गोष्ट, स्कॅनर विकत घ्यायला पळू नका. आधी यादी करा. एक साधी एक्सेल शीट, लेखक, शीर्षक, वर्ष, पानं, अवस्था, आणि एक कॉलम "दुसरीकडे आहे का". तो कॉलम भरायला वर्ल्डकॅट (जगभरच्या लायब्रऱ्यांची सामायिक यादी), हाथीट्रस्ट आणि इंटरनेट अर्काइव्ह (स्कॅन केलेल्या पुस्तकांचे ऑनलाइन संग्रह) हे तिन्ही शोधायचे. डुबॉईस यांनी संपादन केलेले अटलांटाचे जुने अहवाल आधीच ऑनलाइन आहेत, ते परत स्कॅन करण्यात वेळ घालवू नका. ज्याची जगात एकच कॉपी आहे ते आधी. त्यातही ज्याचा कागद पिवळा होऊन कोपऱ्यात तुटायला लागलाय ते सगळ्यात आधी.

आता हक्कांचं, म्हणजे कॉपीराइटचं, हे लोक टाळतात पण टाळू नका. अमेरिकेत ९५ वर्षांहून जुनं छापील साहित्य मोकळं असतं. छापलेलं नसेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी मोकळं होतं. टाइप करून लायब्ररीत ठेवलेला थिसिस "प्रकाशित" धरायचा का यावर वकीलसुद्धा भांडतात, म्हणून आम्ही अप्रकाशितच धरून चालतो आणि लेखक किंवा त्यांच्या घरच्यांना पत्र लिहितो. माजी विद्यार्थी संघटनेकडून पत्ते मिळतात. नाही मिळाले तर तसं नोंदीत लिहून ठेवायचं आणि हरकत आली तर काढून टाकू अशी सूचना वेबसाइटवर लावायची. अजून एक गोष्ट कायद्यापलीकडची आहे, सोशल वर्कच्या जुन्या थिसिसमध्ये कुटुंबांच्या केस असतात, कुणाच्या घरात काय आजार, कोण तुरुंगात, कधीकधी खऱ्या नावांसकट. त्यांची नातवंडं त्याच गावात राहत असतील. असं काही दिसलं तर स्कॅन करा, जपा, पण सगळ्यांसाठी उघडं करायच्या आधी कॉलेजच्या लोकांशी बोला.

स्कॅनिंग. मला आठवतोय तो पहिला थिसिस, १९४० च्या आसपासचा, कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावरची कार्बन कॉपी, अक्षरं जांभळट आणि फुटलेली, आणि मागच्या कव्हरच्या आतल्या खिशात आठ घड्या घातलेला हाताने काढलेला नकाशा, कुठल्या गल्लीत नळ आहे आणि कुठल्या नाही ते लाल पेन्सिलीने दाखवलेलं. घाईघाईत कुणी तो खिसा बघितलाच नसता तर संशोधनाचा जीवच गेला असता. म्हणून आधी प्रत्येक पान हाताने उलटून बघा, खिसे, चिठ्ठ्या, चिकटवलेले फोटो. गंजलेल्या पिना ओढायच्या नाहीत, पातळ पट्टी आत सरकवून हळू सोडवायच्या. बाइंडिंग कापू नका, वरून कॅमेरा असलेला स्कॅनर वापरा, आणि पातळ कागदाच्या मागे पांढरा कोरा कागद ठेवा म्हणजे मागच्या पानाची अक्षरं दिसत नाहीत. ४०० डीपीआय (एका इंचात ४०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल (चित्राचा तपशील न गमावणारी). काळा-पांढरा स्कॅन केला तर ती लाल पेन्सिल जाते. कोरी पानं आणि कव्हरसुद्धा घ्या. मूळ टिफला हात लावायचा नाही, वाचकांसाठी त्यातून पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) बनवायची आणि टेसरॅक्टसारख्या ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर शोधता येईल असा करायचा. कार्बन कॉपीवर ओसीआर फार चुका करतो, निदान शीर्षक, अनुक्रमणिका आणि तक्ते तरी माणसाने वाचून दुरुस्त करावेत.

फाइलची नावं पहिल्या दिवशी ठरवा. कॉलेजचा कोड, वर्ष, आडनाव, पान नंबर, मध्ये स्पेस नको, आणि "फायनल_नवीन_२" असलं काही तर अजिबात नको. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेला लांब कोड, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून सोबत ठेवायचा, म्हणजे दोन वर्षांनी फाइल तीच आहे की बिघडलीय ते कळतं. हे सगळं एका पेटीत बांधायला बॅगइट नावाची पद्धत आहे, फुकट आहे, आणि फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवताना फार उपयोगी पडते.

कॉपी किती? तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक दुसऱ्या शहरात. मी हे शिकलो ते एका हार्ड डिस्कमुळे. जवळजवळ चाळीस थिसिस एकाच डिस्कवर होते, दुसरी कॉपी शुक्रवारी करू म्हटलं आणि बुधवारी डिस्क सुरूच होईना, सगळं परत स्कॅन करावं लागलं आणि त्या ठिसूळ कागदाला दुसऱ्यांदा उघडताना प्रत्येक पानाला माझा जीव खालीवर होत होता. त्यामुळे स्कॅन झाला की त्याच संध्याकाळी दुसरी कॉपी.

पण माझ्या मते खरं अर्धं काम नोंदीत आहे, म्हणजे मेटाडेटात. हॉवर्डच्या लायब्ररीतला ब्लॅक साहित्याचा संग्रह १९३० पासून डोरोथी पोर्टर सांभाळायच्या. त्यांनी पाहिलं की ड्युई पद्धत (विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची) वापरणाऱ्या लायब्रऱ्या ब्लॅक लेखकाचं काहीही आलं, कविता असो वा आणखी काही, की ते ३२५ किंवा ३२६ मध्ये टाकतात, म्हणजे वसाहत नाहीतर गुलामगिरी. पोर्टर यांनी ते मानलं नाही, कविता कवितेत आणि इतिहास इतिहासात लावला. आपणही तेच करायचं. शेतीवरचा थिसिस शेतीत, गणिताचा गणितात, नुसतं "ब्लॅक अभ्यास" एवढं लिहून सोडायचं नाही. शब्दही बदलत गेलेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत "निग्रोज" होतं, १९७६ मध्ये "अ‍ॅफ्रो-अमेरिकन्स" झालं, २००० मध्ये "आफ्रिकन अमेरिकन्स". मूळ शीर्षक जसंच्या तसं ठेवा, ते त्यांचं लिखाण आहे, पण विषयाच्या रकान्यात आजचा शब्द द्या नाहीतर आजचा विद्यार्थी तिथे पोचणारच नाही. गावाचं नाव, काउंटी, मार्गदर्शकाचं नाव, विभाग, हेही भरा. बायकांची लग्नाआधीची आणि नंतरची दोन्ही नावं, यामुळे कितीतरी जणी सापडल्यात. डब्लिन कोअर नावाच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातले १५ रकाने सुरुवातीला पुरतात.

ठेवायचं कुठे तर डीस्पेस किंवा ओमेका, ही ऑनलाइन संग्रह चालवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत पण सांभाळायला माणूस लागतो, आणि छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत अख्खे तीन लोक असतात. एकट्याने सर्व्हर चालवण्याचा हट्ट करू नका. २००२ पासून एचबीसीयू लायब्ररी अलायन्स आहे, त्यांचा सामायिक डिजिटल संग्रह अटलांटातल्या वुड्रफ लायब्ररीकडे आहे, त्यांच्याशी बोला. एखादं मोठं श्रीमंत विद्यापीठ किंवा कंपनी फुकट स्कॅन करून देतो म्हणून पुढे आली तर आनंदाने हो म्हणा, पण आधी लेखी करार करा, मूळ कागद कॉलेजमध्येच राहणार, टिफच्या सगळ्या फाइल कॉलेजला परत मिळणार, आणि कॉलेजच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना वाचायला पैसे पडणार नाहीत. या तीन ओळी नसतील तर सही करू नका.

नवीन संशोधनासाठी नियमच करून घ्या, पदवी मिळायच्या आधी पीडीएफ आणि सोबतचा डेटा रिपॉझिटरीत (कॉलेजच्या ऑनलाइन संग्रहात) जमा, विद्यार्थ्याचा ऑर्किड नंबर (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) जोडलेला, प्रत्येक थिसिसला डीओआय (कायमचा ऑनलाइन पत्ता). आणि निवृत्त प्राध्यापकांकडे या आठवड्यातच जा. त्यांच्या गॅरेजमध्ये खोकी असतात, कॅसेटी, फ्लॉपी, भेगा पडलेले फोटो. खोकी उचलून आणायची घाई करू नका, शेजारी बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि एकेक फोटो हातात देऊन विचारा, हे कोण, कुठलं वर्ष, मागे उभी असलेली ती मुलगी कोण. ते सांगतील ती नावं तिथल्या तिथे पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून त्या फोटोसोबत ठेवा.