रात्रीची थंडी दुपारीच ओळखा

पहाटे पानांवर दहिवर गोठलेले दिसले की मग धावपळ करून हाती काही लागत नाही. पिकाला वाचवायचे तर आदल्या दिवशी ऊन असतानाच ठरवावे लागते. मोबाईलवरचा अंदाज जरूर बघा, पण तो मोठ्या टापूचा असतो. तुमच्या सखल वाफ्यात काय होणार, हे त्याला कळत नाही.

त्यासाठी दोन साधे तापमापक पुरतात. आधी दोन्ही बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या काल्यात बुडवून शून्य दाखवतात का ते तपासा. मग एकाच्या फुग्यावर ओले सुती कापड गुंडाळा, सावलीत धरून पुठ्ठ्याने वारा घाला आणि आकडा स्थिर झाला की दोन्ही वाचा. या दोन आकड्यांतला फरक जितका जास्त तितकी हवा कोरडी. समजा कोरडा 20 अंश आणि ओला 11 दाखवतो, तर दव पडायला हवा साधारण 2 अंशांपर्यंत उतरावी लागेल. म्हणजे पारा घसरायला भरपूर वाव आहे. तोच ओला 17 दाखवत असेल, तर 15 अंशांच्या आसपासच दव धरू लागते. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि पुढची घसरण मंदावते. माझ्या मते आकाशाकडे कितीही वेळ बघितले तरी इतके नेमके कळत नाही.

तरी आकाश बघायचेच. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. ढग त्यातली बरीचशी परत पाठवतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि संध्याकाळी वारा पडलेला, असे तिन्ही जुळले की जपा. गार वारे सुटतात ती रात्र बहुधा निभावते, कारण वारा वरची उबदार हवा खाली मिसळत राहतो. ते वारे थांबतात ती रात्र घातकी. चंद्राला खळे पडून ढग दाट होत चालले, तर मात्र हवामान पालटण्याचा संभव असतो.

एकदा माझ्या खोपीच्या सावलीतला तापमापक पहाटे 4 अंश दाखवत होता आणि खालच्या वाफ्यात पानांच्या कडांना बर्फाची पांढरी किनार होती. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खळग्यात साचते. त्यात मोकळ्या आभाळाखालचे पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. तेव्हापासून एक तापमापक मी सर्वांत सखल जागी, पिकाच्या उंचीवर लावतो आणि सूर्योदयाच्या सुमारास वाचतो, कारण पारा तेव्हाच सर्वांत खाली असतो.

धोका दिसला तर दुपारपर्यंत पाणी द्या. ओली जमीन उन्हाची ऊब जास्त साठवते. नाजूक रोपांवर सूर्यास्तापूर्वी आच्छादन घाला, उजाडल्यावर काढा. नुसत्या धुरावर विसंबू नका, तो जमिनीची उष्णता फारशी अडवत नाही. पिकावर पाणी उडवणारे तुषार सुरू केलेच तर पानांवरचा बर्फ वितळेपर्यंत बंद करू नका. मध्येच थांबले तर ओल्या पानांवरून बाष्पीभवन होऊन ती आणखी गारठतात. तेवढे पाणी आणि वीज हाताशी नसेल तर तुषार लावूच नयेत.

दमट, ढगाळ रात्री गोठण्याची भीती कमी, पण पाने तासन्‌तास ओली राहून करपा हा पानांचा रोग बळावतो. अशा सकाळी आधी पानांची खालची बाजू तपासा.