आकाशात काय दिसलं ते नेमकं कसं लिहावं

तारे पाहणारे पुष्कळ, पाहिलेलं लिहून ठेवणारे थोडे. खरं तर लिहायचं ठरवलं की माणूस नीट पाहायला लागतो, त्यामुळे पहिल्या रात्रीपासून वही जवळ असू द्या.

आधी जागा. चंद्र, ग्रह आणि ठळक तारे कोल्हापुरात रंकाळा तलावावरून किंवा घरच्या गच्चीवरूनही दिसतात. फिकट वस्तूंसाठी मात्र शहराबाहेर जायला हवं. पन्हाळा जवळ आहे, पण तिथून कोल्हापूरचा उजेड आग्नेयेला पडतो आणि हिवाळ्यात मृग, व्याध त्याच अंगानं वर चढतात. राधानगरीच्या बाजूला शहर ईशान्येकडे मागे राहतं आणि दक्षिणेचं आकाश काळंभोर मिळतं. तिकडे गव्यांचा वावर असतो. गावालगत, ओळखीच्या कुणाच्या तरी अंगणात बसा, जंगलाच्या रस्त्यावर थांबू नका. रात्र अमावास्येच्या आसपासची निवडा.

अंधाराला डोळे सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाइल खिशात. वहीवर उजेड हवा म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळा.

आता नोंद. तारीख, वेळ, ठिकाण लिहा आणि हवाही लिहा. उसाच्या हंगामात पाचट पेटवलेलं असलं की क्षितिजाजवळ धूर साचतो आणि खालचे तारे उगाच फिके वाटतात. कृत्तिकांच्या तारकापुंजात नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता आले, तो आकडा टाका. सहा मोजता आले तर आकाश चांगलं समजा.

उंची हातानं मोजता येते. हात ताणून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची, करंगळीची रुंदी 1 अंशाची. कोल्हापुरातून ध्रुवतारा जवळपास 17 अंशांवर असतो, म्हणजे पावणेदोन मुठी. आपली मूठ त्यावर पडताळून घ्या.

तेज लिहिताना ‘खूप चमकदार’ असं लिहू नका, शेजारच्या ताऱ्याशी तुलना करा. मृगातला तांबूस तारा काक्षी घ्या. तो रोहिणीपेक्षा उजळ की फिका, एवढी एक ओळ हिवाळाभर लिहीत राहा. 2019 च्या अखेरीस हा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत रोहिणीहूनही फिका झाला. ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ आड आली, असं पुढे अभ्यासकांनी मांडलं. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत होता. ज्यांच्याकडे आधीच्या ओळी होत्या, त्यांना तो स्वतःच्या वहीतच सापडला.

अंधुक वस्तूचं वर्णन सगळ्यांत अवघड, आणि मला सर्वांत आवडतं तेच. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला लहान ताऱ्यांची उभी ओळ आहे. तिच्या मधोमध सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळ ढग आहे. 10 बाय 50 चा (दहापट मोठं दाखवणारा, 50 मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर त्यावर स्थिर धरा, हवं तर भिंतीला टेका. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवा, म्हणजे धूसर भाग जास्त पसरलेला दिसतो. वहीत वर्तुळ काढा, आधी तारे मांडा, मग पेन्सिलीची छटा बोटानं पसरवा. शेजारी लिहा:

“रात्री 10.20. मधला तारा तीक्ष्ण नाही. भोवती राखाडी धूसरपणा, पुसलेल्या खडूच्या डागासारखा. एका बाजूला कड ठळक, दुसरीकडे विरत जाते. रंग नाही.”

फोटोंतला गुलाबी रंग इथे शोधू नका. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत, म्हणून दिसलं तेवढंच लिहा. घरी आल्यावर तारानकाशाशी ताडून पाहा, पण मूळ नोंद खोडू नका. दुरुस्ती वेगळ्या शाईनं समासात करा.

हात बसला की मे महिन्यात, पावसाआधी, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ बघा. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला 26 अंशांवर, अडीच मुठींहून थोडा वर असतो. त्याची कड कुठे संपते, ते आधी वहीत उतरवा.